ज्योत असेल तरच गॅस

भोपाळमधला एक उंचावरचा बर्नर काली परेड मैदानावर, युनियन कार्बाइडच्या कारखान्यात होता. सुमारे तीस मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याला फ्लेअर टॉवर म्हणत. टाक्यांमधून आणि नळ्यांमधून बाहेर काढावा लागणारा नकोसा वायू या मनोऱ्याच्या टोकाशी न्यायचा आणि तिथेच जाळून टाकायचा, अशी योजना होती. त्यासाठी टोकाशी एक लहान ज्योत अखंड तेवत ठेवायची. तिला पायलट म्हणतात. खालून वायू आला की पायलटमुळे तो तिथल्या तिथे पेट घेतो. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मात्र या मनोऱ्याकडे जाणाऱ्या नळीचा एक तुकडा जागेवर नव्हता. तो गंजला होता म्हणून काढला होता आणि नवा अजून बसवलेला नव्हता.

त्या रात्रीच्या वायुदुर्घटनेची कहाणी बहुधा कंपनी, सरकार, खटले आणि नुकसानभरपाई या अंगांनी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. यंत्राच्या अंगाने ती समजून घ्यायची तर आधी बर्नर, पायलट आणि झडप या तीन वस्तू कळायला हव्यात. तिन्ही आपल्या घरात असतात. म्हणून आधी स्वयंपाकघरात जाऊ.

सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन हे वायू दाबाखाली द्रवरूपात भरलेले असतात. रेग्युलेटर हा दाब उतरवून सुमारे ३० मिलिबारवर आणतो. एवढा दाब म्हणजे अगदी किरकोळ, पाण्याचा फूटभर उंचीचा स्तंभ जेमतेम पेलेल इतकाच. शेगडीचा नॉब फिरवला की गॅस एका पितळी जेटपाशी येतो. या जेटचं भोक एका मिलिमीटरहूनही बारीक असतं. पण दाब किरकोळ असला तरी त्या भोकातून गॅस सुटतो तो सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास वेगाने, म्हणजे ताशी १८० किलोमीटरने. बर्नरचं बरंचसं काम हा वेगच करतो. जेट आणि बर्नरची नळी यांच्यामध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते. वेगाने घुसणारा झोत या फटीतून आजूबाजूची हवा आपल्याबरोबर आत ओढतो, आणि बर्नरच्या टोपीपर्यंत पोचेस्तोवर गॅस आणि हवा एकमेकांत मिसळतात. पंखा नाही, वीज नाही, हलणारा एकही भाग नाही. जर्मनीत हायडेलबर्ग इथे रॉबर्ट बुन्सेन आणि त्यांचे यंत्रकार पेटर डेसागा यांनी १८५५ मध्ये प्रयोगशाळेसाठी जो दिवा घडवला, तो याच युक्तीवर चालायचा. आपली शेगडी त्याच घराण्यातली.

एक लिटर प्रोपेन पुरता जाळायला सुमारे २४ लिटर हवा लागते, ब्यूटेनला ३१ लिटर. यातली साधारण निम्मी हवा फटीतून आधीच मिसळलेली असते, उरलेली ज्योत भोवतालून घेते. आधीची हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, कारण कार्बनचे न जळलेले बारीक कण तापून चमकू लागतात. तेच कण पुढे पातेल्याच्या बुडाला काजळी होऊन चिकटतात. भांडी काळी व्हायला लागली की 'गॅस खराब आला' म्हणून सिलिंडरवाल्याला दोष देण्याची आपल्याकडे रीत आहे. बहुतेक वेळा जेटजवळच्या फटीत तेलकट धूळ साचलेली असते किंवा बर्नरच्या नळीत जाळं असतं. कोळ्यांना ही नळी फार आवडते.

ज्योत बर्नरच्या भोकांवर टिकून राहते, यातही एक हिशोब आहे. गॅस आणि हवेच्या मिश्रणात ज्योत पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला सुमारे चाळीस सेंटिमीटर असतो. मिश्रण यापेक्षा फारच जोरात बाहेर पडलं तर ज्योत बर्नर सोडून वर उचलली जाते आणि विझते. फारच हळू आलं तर ती उलट आत शिरते आणि नळीतच जळू लागते. नॉब बंद करताना कधी कधी 'फट्' असा आवाज येतो तो याचाच. एरवी ज्योत आत जात नाही, कारण बर्नरची भोकं बारीक असतात आणि भोवतीचा धातू ज्योतीची उष्णता शोषून घेतो. हंफ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी जाळीचा दिवा केला तो याच गुणावर. ज्योत उचलली जाते, ही गोष्ट जरा लक्षात असू द्या. मनोऱ्यापाशी गेल्यावर ती पुन्हा लागणार आहे.

आता भोपाळच्या नव्या वसाहतींमध्ये थिंक गॅसच्या पाइपलाइनने नैसर्गिक वायू येतो. तो मुख्यतः मिथेन. घरात तो सुमारे २१ मिलिबार दाबाने येतो आणि तेवढ्याच आकारमानात एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी उष्णता देतो. म्हणून पाइपचा गॅस जोडताना शेगडीचे जेट बदलून मोठ्या भोकाचे बसवतात. पुढे कोणी ती शेगडी पुन्हा सिलिंडरला जोडली आणि जेट तेच राहिले, तर ज्वाळा हातभर उठतात. जुनी शेगडी गावाकडे पाठवण्याआधी एवढं पाहून घ्यावं.

हे सगळं ज्योत पेटलेली असतानाचं झालं. खरा प्रश्न ज्योत विझल्यावर सुरू होतो. दूध उतू जातं, खिडकीतून वाऱ्याचा झोत येतो, ज्योत जाते, आणि गॅस मात्र येतच राहतो. एलपीजी हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असल्याने तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली आणि मोरीत साचतो. हवेत त्याचं प्रमाण सुमारे दोन टक्क्यांवर गेलं की ठिणगीची खोटी. मिथेन हलका, तो वर छताकडे जातो आणि पेट घ्यायला त्याला पाच टक्के लागतात. दोन्ही वायूंना स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्केप्टनचा. म्हणजे साध्या शेगडीत ज्योत आहे की नाही यावर पहारा ठेवणारं एकच उपकरण असतं, घरातल्या माणसाचं नाक. सर्दी झाली की तेही सुट्टीवर.

पायलट आणि त्याच्या झडपेची जोडी यावर उपाय म्हणून आली. जुन्या धर्तीच्या गॅस गीझरमध्ये आणि भट्ट्यांमध्ये मुख्य बर्नरशेजारी एक लहान पायलट ज्योत असते. तिच्यात बोटाच्या पेराएवढं एक धातूचं टोक बुडालेलं असतं आणि त्यातून तांब्याची बारीक नळी निघून झडपेत जाते. हे थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंचा जोड तापवला की त्यातून विजेचा अगदी क्षीण प्रवाह वाहू लागतो, हे थॉमस सीबेक यांनी १८२१ मध्ये पाहिलं होतं. पायलटच्या ज्योतीतलं थर्मोकपल पंचवीस-तीस मिलिव्होल्ट देतं, म्हणजे एका व्होल्टचा चाळिसावा भाग. टॉर्चचा बल्बही त्यावर लागणार नाही.

तेवढ्याशा विजेवर झडप चालते कशी? झडपेच्या पोटात एक चिमुकला विद्युतचुंबक असतो. त्याच्यासमोर लोखंडी चकती, चकतीला रबरी बूच, आणि मागून एक स्प्रिंग. स्प्रिंग बुचाला सतत बंद करण्याच्या दिशेने ढकलत असते. चुंबक इतका दुबळा असतो की दूर गेलेली चकती तो स्वतःकडे ओढू शकत नाही. पण कोणी ती आणून त्याच्या तोंडाला चिकटवली तर तो तिला धरून ठेवू शकतो. म्हणून असा गीझर पेटवताना नॉब आत दाबून वीस-तीस सेकंद धरावा लागतो. त्या वेळात झडप आपलं बोट उघडी धरतं आणि पायलट थर्मोकपलला तापवत राहतो. टोक पुरेसं तापलं की चुंबकात जीव येतो, चकती चिकटून राहते आणि आपण बोट काढू शकतो. घाई करून लवकर सोडलं तर पायलट विझतो आणि माणूस 'हा गीझर बिघडलाय' म्हणून वैतागतो. गीझर बिघडलेला नसतो. ज्योतीचा पुरावा मिळाल्याशिवाय तो गॅस सोडत नाही, एवढंच.

या रचनेत बिघाडाची दिशा आधीच ठरवून ठेवली आहे, आणि मला ती यासाठीच आवडते. पायलट विझला, थर्मोकपल तुटलं, जोड सैल झाला, तार गंजली, काहीही झालं तरी शेवट एकच: प्रवाह थांबतो, चुंबक सुटतो, स्प्रिंग बूच लावून टाकते. ज्योत गेल्यापासून मिनिटभराच्या आत 'टक्' असा आवाज येतो आणि गॅस बंद. यासाठी कोणी जागं असावं लागत नाही. बंद असणं ही या झडपेची मूळ अवस्था आहे. उघडं राहायचं तर तिला ज्योतीकडून क्षणोक्षणी परवानगी लागते.

सतत तेवणारा पायलट गॅस खातो. म्हणून अमेरिकेत १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर तो हळूहळू मागे पडला. न्यू जर्सीत किंवा टोरोंटोत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरी तळघरात जी फर्नेस असते ती आता पायलटशिवाय पेटते. थर्मोस्टॅटने मागणी केली की आधी एक पंखा जळणाच्या कक्षातली जुनी हवा बाहेर ओढतो. पंखा खरोखर फिरतोय हे दाबावर चालणारा एक स्विच तपासतो. मग इग्नायटर लाल होतो, मग चोवीस व्होल्टवर चालणारी गॅसची झडप उघडते, आणि काही सेकंदांत ज्योत दिसली नाही तर ती पुन्हा बंद होते. दोन-तीन प्रयत्न फसले की यंत्र संप पुकारतं. ज्योत दिसली की नाही हे ठरवतं कोण? ज्योतीत धरलेली एक साधी धातूची सळई. ज्योतीत विद्युतभारित कण असतात, त्यामुळे ज्योतीतून वीज वाहू शकते. सळई लहान आणि बर्नर मोठा असल्याने प्रत्यावर्ती प्रवाह या वाटेने एकाच दिशेला जास्त वाहतो, आणि त्यातून काही मायक्रोअँपिअर एकदिश प्रवाह उरतो. सळई ओली झाली किंवा बर्नरला टेकली तर प्रवाह दोन्ही दिशांना सारखाच वाहील, आणि यंत्र त्याला ज्योत मानणार नाही. म्हणजे खोटी साक्षही ओळखता येते. आपल्याकडचे बॅटरीवर पेटणारे गॅस गीझर ज्योत ओळखायला हीच सळई वापरतात. सळईवर थर बसला की गीझर पेटून लगेच विझतो. मेकॅनिक येतो, बारीक पॉलिश पेपरने सळई घासतो आणि तेवढ्याचे पैसे घेतो. घ्यावेत. नेमकं काय घासायचं हे त्याला ठाऊक असतं.

अशा फर्नेसच्या गॅस व्हॉल्व्हमध्ये आणखी एक गोष्ट असते, बाहेरून न दिसणारी. आत एकापाठोपाठ दोन झडपा असतात आणि गॅसला दोन्ही ओलांडाव्या लागतात. एक पुरत नाही का? पुरते, ती नीट बसली तर. बुचाखाली धुळीचा एक कण अडकला तरी झडप पूर्ण बसत नाही आणि गॅस झिरपत राहतो. झडप गळतेच असं धरून चालायचं, हा गॅसच्या धंद्यातला जुना नियम आहे.

गीझरबद्दल एक हिशोब इथेच करून टाकू, कारण यात दरवर्षी माणसं जातात. भोपाळच्या थंडीत पारा दहा अंशांखाली उतरतो आणि गॅस गीझर दिवसभर चालू राहतात. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणारा गीझर सुमारे बारा किलोवॅट उष्णता ओढतो, म्हणजे शेगडीचे पाच मोठे बर्नर एकदम. तासाला जवळजवळ एक किलो एलपीजी, आणि ते जाळायला बारा घनमीटरच्या आसपास हवा. पाच बाय सात फुटांच्या न्हाणीघरात एकूण हवाच आठ घनमीटर. दार-खिडकी बंद करून अंघोळ केली तर अर्ध्या-पाऊण तासात हिशोब संपतो. प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आधी प्राणवायू कमी पडून ज्योत कार्बन मोनॉक्साइड करू लागते. या वायूला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. ज्योत पेटलेली असल्याने थर्मोकपल समाधानी, सळई समाधानी. त्यांना विचारलेला प्रश्न 'ज्योत आहे का' एवढाच होता. 'हवा आहे का' हे विचारणारं उपकरण प्रत्येक गीझरमध्ये नसतं. गीझर न्हाणीघराबाहेर लावा हे म्हणूनच सांगतात.

आता पुन्हा काली परेड मैदानावर.

युनियन कार्बाइडचा भोपाळचा कारखाना १९६९ पासून सुरू होता. सेव्हिन हे कीटकनाशक तिथे तयार होई. त्यासाठी लागणारं मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी, १९८० पासून तिथेच बनू लागलं. ते जमिनीखालच्या पोलादी टाक्यांत साठवत. एमआयसी ३९ अंशांना उकळतं, ते ज्वालाग्राही आहे, आणि पाण्याशी संयोग झाला की तापत जातं. म्हणून ते शून्य ते पाच अंशांच्या दरम्यान थंड ठेवायचं होतं. ई-६१० क्रमांकाच्या टाकीत त्या रात्री चाळीस टनांहून अधिक एमआयसी होतं. एमआयसीचं उत्पादन मात्र ऑक्टोबरच्या अखेरीपासून थांबलेलं होतं, आणि मला तरी अनर्थाचं मूळ इथे दिसतं. उत्पादन थांबलं म्हणजे विभाग बंद, आणि विभाग बंद म्हणजे त्याची सुरक्षायंत्रणाही दुरुस्तीला काढायला हरकत नाही, अशी समजूत. टाकीतल्या मालाला कारखाना चालू आहे की बंद, याच्याशी कर्तव्य नव्हतं.

पाणी आत शिरलं कसं, यावर दोन मतं आहेत. कर्मचाऱ्यांचं आणि अनेक अभ्यासकांचं म्हणणं असं की शेजारच्या नळ्या पाण्याने धुताना ते गळक्या झडपांमधून टाकीपर्यंत गेलं. धुण्याआधी जोडात पत्र्याची बंद चकती, म्हणजे स्लिप ब्लाइंड, घालायला हवी होती, ती घातलेली नव्हती. कंपनीचं म्हणणं असं की कोणीतरी मुद्दाम टाकीला पाण्याची नळी जोडली. पाणी अर्ध्या ते एक टनाच्या दरम्यान असावं, असे अंदाज आहेत. कोणतंही मत धरलं तरी ब्लाइंड का घालतात, हा मुद्दा उरतोच. तो वर सांगितलेलाच नियम आहे, दुसरी झडप लावण्याचा. एक झडप गळेल हे धरून तिच्यापुढे अडसर ठेवायचा.

रात्री साडेदहाच्या सुमारास टाकीचा दाब दोन पौंड प्रति चौरस इंच होता. अकराला दहा झाला. मध्यरात्रीनंतर तीसवर गेला, आणि थोड्याच वेळात ५५ पर्यंतच्या मापकाच्या पलीकडे. दाब चाळीसवर पोचला की फुटायची ती चकती फुटली आणि सुरक्षा झडप उघडली. ही झडप गीझरच्या झडपेच्या नेमकी उलट: तिचं काम धोका आला की उघडणं, म्हणजे टाकी फुटत नाही. तिने ते काम चोख केलं. कोणाची वाट न पाहता, विजेशिवाय, ठरल्या दाबाला ती उघडली आणि दोनेक तास उघडी राहिली. टाकी शाबूत राहिली, ती आजही त्या आवारात आहे. त्या रात्री कारखान्यातली एवढी एकच सुरक्षायंत्रणा रचनेप्रमाणे चालली, आणि तिच्यातूनच सगळं विष शहरावर गेलं.

कारण झडप उघडल्यावर पुढे काय, हे दुसऱ्या यंत्रणांवर सोपवलेलं होतं. शीतयंत्रणा जूनपासून बंद होती आणि तिच्यातलं शीतक काढून घेतलेलं होतं. बाहेर पडणारा वायू कॉस्टिक सोड्याने धुऊन निर्विष करणारा स्क्रबर ऑक्टोबरपासून विश्रांतीवर होता, आणि चालू असता तरी हा लोंढा त्याच्या कुवतीच्या कितीतरी पट होता. अग्निशामक फवाऱ्यांचं पाणी पुरेसं उंच जात नव्हतं. वायू सुटत होता तो ३३ मीटर उंचीच्या चिमणीतून. आणि फ्लेअर टॉवर, ज्याच्या टोकाशी हे सगळं जळायचं, त्याची नळी तुटक होती. या प्रत्येक यंत्रणेची मूळ अवस्था 'बंद' होती, आणि बंद म्हणजे इथे असुरक्षित. शीतयंत्राला वीज हवी, स्क्रबरला पंप हवा, पायलटला जळण हवं आणि त्याकडे पाहणारा माणूस हवा. माणसं कमी केली, खर्च कमी केला, देखभाल पुढे ढकलली, की त्या एकेक करून गप्प झोपी जातात आणि कोणतीही झडप 'टक्' करून इशारा देत नाही.

फ्लेअर जोडलेला असता तर भोपाळ वाचलं असतं का? हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि त्याचं उत्तर फार आत्मविश्वासाने दिलं जातं. त्या मनोऱ्याची क्षमता त्या रात्री आलेल्या वायूच्या फार तर चौथ्या हिश्शाची होती, असं मानलं जातं. क्षमतेपलीकडचा लोंढा टोकाशी आला की काय होतं, ते शेगडीपाशी पाहिलंच आहे: ज्योतीचा वेग कमी, वायूचा जास्त, ज्योत उचलली जाते आणि विझते. आणि खाली आवारात ज्वालाग्राही वायू पसरलेला असताना पायलट पेटवणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. तरीही, पायलट आधीपासून पेटलेला असता आणि सुरुवातीचा वायू त्याच्याकडे वळला असता, तर काही वाटा निश्चित जळून गेला असता. एमआयसी जळलं की त्याचा मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं होतात. त्यातलं काहीच चांगलं नाही, पण एमआयसीच्या मानाने सगळं परवडणारं. माझं मत विचाराल तर फ्लेअरने शहर वाचलं नसतं, मृत्यू मात्र कमी झाले असते. शहर वाचवायचं तर चाळीस टन साठवायलाच नको होतं. जे साठवलेलं नाही ते गळत नाही, हे ब्रिटिश सुरक्षातज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ भोपाळच्या काही वर्षं आधीपासून सांगत होते. धोक्याची सूचना भोपाळमध्येही मिळालीच होती. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या 'रपट' या साप्ताहिकातून १९८२ मध्ये या कारखान्याबद्दल पुन्हा पुन्हा लिहिलं होतं.

पहिल्या अधिकृत गणतीत मृतांचा आकडा २,२५९ होता. मध्य प्रदेश सरकारने नंतर ३,७८७ मृत्यू मान्य केले. पीडितांच्या संघटनांचे अंदाज याच्या कितीतरी पट आहेत, आणि साडेपाच लाखांहून अधिक लोकांना इजा झाल्याचं सरकारी प्रतिज्ञापत्रात नोंदलेलं आहे. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि १९८७ ची कारखाना कायद्यातली दुरुस्ती या रात्रीनंतर आली. अमेरिकेतल्या रासायनिक अभियंत्यांच्या संस्थेने १९८५ मध्ये प्रक्रिया-सुरक्षेसाठी स्वतंत्र केंद्र काढलं.

बंद कारखान्यातला कचरा मात्र चाळीस वर्षं तिथेच पडून होता. उच्च न्यायालयाने खडसावल्यावर १ जानेवारी २०२५ च्या रात्री ३३७ टन कचरा बारा कंटेनरांमधून अडीचशे किलोमीटरवरच्या पिथमपूरला, धार जिल्ह्यात, नेला गेला. तिथल्या लोकांनी कडाडून विरोध केला. भोपाळचं विष आपल्या दारात का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो चुकीचा नव्हता. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या भट्टीत दहा-दहा टन कचरा जाळण्याच्या तीन चाचण्या झाल्या, पहिली ताशी १३५ किलोने, दुसरी १८० ने, तिसरी २७० ने. जूनअखेर सगळा कचरा जळून संपला. अशा भट्टीत दोन कक्ष असतात. पहिल्यात कचरा जळतो, दुसऱ्यात त्याचा धूर अकराशे अंशांच्या आसपास पुन्हा जाळतात. दुसऱ्या कक्षाचं तापमान उतरलं की कचरा आत जाणं आपोआप थांबलं पाहिजे, अशी अट अशा भट्ट्यांना असते. गीझरच्या थर्मोकपलला जे कळतं तेच इथे मोठ्या मापात: आच नसेल तर पुरवठा बंद. भोपाळच्या आवारातली माती आणि भोवतालचं भूजल यांची सफाई अजून व्हायची आहे.

तुमच्या घरी गॅस गीझर असेल तर एक चाचणी आजच करून बघा. ती दोन मिनिटांची आहे. खिडकी उघडी ठेवा, गीझर पेटवा, आणि तो नीट चालू असताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. पुरवठाच बंद असल्याने यात धोका नाही. ज्योत विझेल. पायलटवाला गीझर असेल तर मिनिटभरात झडपेतून 'टक्' ऐकू यायला हवं. बॅटरीवाला असेल तर तो काही सेकंद ठिणग्या टाकून पाहील आणि मग झडप बंद करून थांबेल. असं झालं नाही, ठिणग्या चालूच राहिल्या किंवा 'टक्' आलंच नाही, तर रेग्युलेटर पुन्हा उघडू नका. मेकॅनिक येईपर्यंत पाणी शेगडीवर तापवा.